धोब्याच्या यादीवरचे अकरा अंगठे

“बाहेरचा माणूस तूच,” दवाखान्याचे बडे साहेब मले म्हणाले.

मी चौदा वर्षं त्याच दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. बाहेरचा कसा?

“डॉक्टर नाहीस, वाचता येते, अन् तोंड बंद राहत नाही. अजून काय पाहिजे?”

गोष्ट अशी. बालाघाटात तेव्हा गावोगावच्या दायांचं, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या बायांचं, ट्रेनिंग चालू होतं. कसं शिकवलं तर जास्त समजते, हे पाहायले एका मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आले. बारा दाया. सहा जणींले कापडी बाहुलीवर शिकवायचं, सहा जणींले नुसतं बोलून. मग परीक्षा, अन् नापासांची नावं फाटकावर. अशा कामाले आधी कमिटीनं हो म्हणावं लागे, अन् कमिटीत एक जण डॉक्टर नसलेला पाहिजे. तो मी. बारा जणींत माही बायको अनसुया होती, हेही मी तिथंच सांगून टाकलं.

मी विचारलं, “फाटकावर नाव लागलं तर त्या बाईले गावात कोण बोलावील?”

“सबने अंगूठा दिया है,” डॉक्टर म्हणाले. “सहमती है.” सहमती म्हणजे समजून दिलेला होकार.

“वाचून दाखवलं?”

“जरूरत क्या है? भरोसा है उनको.”

तिथंच तर घोळ. पांढरा कोट दिसला की आमच्या बाया अंगठा आधी पुढं करत, नमस्कार मागून. दुसऱ्या दिवशी मी धोब्याची यादी उचलली. चादरी चाळीस, खोळी बावीस. शाईचा पॅड घेऊन व्हरांड्यात बसलेल्या दायांपुढं गेलो. “साहेबाचा कागद आहे.” अकरा अंगठे पटापट लागले. परसवाडा गावच्या एका म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले, पाहिजे तो घे म्हणून.

बारावी अनसुया. “अजी, पह्यले वाचा.”

“साहेबाचा आहे.”

“मागं न वाचताच देला. आता साहेबाचा हाय त साहेबच लावन अंगठा.”

ती यादी कमिटीच्या टेबलावर ठेवली. बडे साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. डॉक्टर हसले नाहीत, पण मानले. कागद वाचून दाखवायचा, फाटकावर नावं नाहीत, अन् परीक्षेनंतर उरलेल्या सहा जणींलेही बाहुलीवर शिकवायचं.

मी छाती फुगवून घरी आलो अन् सगळं सांगितलं. अनसुयानं ताट वाढलं नाही.

“डॉक्टरले धडा शिकवासाठी आमचे अंगठे घेतले. आमाले इचारलं काय?”

“तुझा कुठं घेतला?”

“अकरा जणींचा त घेतला.”

सकाळी व्हरांड्यात उभं राहून दायांची माफी मागितली, यादी त्यांच्यापुढं फाडली. धोब्याले नवी लिहून दिली. खरा कागद वाचल्यावर तिघी नाही म्हणाल्या. त्यांचं ट्रेनिंग तसंच चालू राहिलं. अनसुया हो म्हणाली, अन् पासही झाली.

मागच्या वर्षी तिले दवाखान्यात नेलतं. ऑपरेशनचा कागद आला. तिनं अंगठा मुठीत दाबून धरला.

“अजी, पह्यले वाचा.”

वाचला. एक ओळ गाळली नाही. ती म्हणाली, “नाही. घरी चला.”

तिथला डॉक्टर म्हणाला, “बाबा, समझाओ इनको.”

“समजलं तिले,” मी म्हटलं. “म्हणूनच नाही म्हणून राह्यली.”

घरी आणलं. दोन महिने होती.

कमिटीत बसून परक्या बायांचा नकार लिहून घेणं लई सोपं होतं.