हात मागे घेणारा दंतवैद्य

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या फुलबाजारात शेवंती निवडत होतो. फोन करणाऱ्यावरच मी डाफरलो. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त टळेपर्यंत न पोहोचलेला हा माणूस मरायला एवढी घाई करेल, हे पटणार कुणाला? पण हृदयाने या वेळी उशीर करू दिला नाही... महिना उलटला, तरी माझा राग गेलेला नाही.

गिरगावच्या चाळीत आम्ही समोरासमोरच्या खोल्यांत वाढलो. मी चाळीच्या नाटकांतला कायमचा राजा झालो आणि तो वेडेवाकडे दात सरळ करणारा डॉक्टर. चिंचपोकळीला त्याचा दवाखाना. मी त्याला तारवाला म्हणायचो, तो मला रंगवलेलं तोंड.

माझी मुलगी सई नववीत असताना त्यानेच तिच्या दातांना तारा लावल्या. पुढे कधीतरी जेवताना तिच्या कानाजवळ कट्कट् वाजू लागलं. आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग गणपती आले. आरतीतला सूर कोण जास्त लांबवतो, याची आमच्या चाळीत पिढीजात चुरस. श्वास संपला तरी आ वासून उभं राहायचं. त्या वर्षी सईने भल्याभल्यांना हरवलं आणि प्रसाद खायला गेली, तर जबडा जेमतेम बोटभर उघडला. चाळीत वैद्यांना तोटा नाही. एकाने चणे चावायला सांगितलं, दुसऱ्याने तारा आत्ताच्या आत्ता उपटायला, तिसरा तर जबडा कायमचा धरला म्हणून मोकळा झाला. सई हातातल्या मोदकाकडे बघत मुकाट रडत होती. ही पोरगी पुन्हा खळखळून हसेल का, एवढंच माझ्या डोक्यात.

नंदू आला. तिच्या कानांपुढे बोटं टेकवून, डोळे मिटून, तिला हळूहळू तोंड उघडमीट करायला लावून तो कितीतरी वेळ ऐकत राहिला. मी जादूची वाट बघत होतो. शेवटच्या अंकात तलवार उपसली गेलीच पाहिजे, हा माझा पिंड. त्याने मात्र हात मागे घेतले.

"तारांमुळेच झालं ना, भाऊजी?" माझ्या बायकोने विचारलं.

"बहुधा नाही, वहिनी. पण छातीठोक नाही सांगत. जबड्याचा सांधा दुखावलाय, तर आता तारांनी दात ओढणं बंद."

"मग तू करणार काय?" मी उसळलो.

"थांबणार. तुला नाही जमायचं ते."

त्याने तिच्या तारांवरची ताणाची रबरं काढून टाकली. शेक, मऊ भात, हलका व्यायाम, आणि सूर लांबवायला सक्त मनाई. अभ्यास करताना ती दात गच्च आवळते, हेही त्यानेच हेरलं. ओठ मिटलेले पण दात सुटे, हा धडा तिला दिला. दर आठवड्याला बोटं टेकवायची, ऐकायचं, घरी धाडायचं. सरळ होत आलेले दात पुन्हा हलतील म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाला, हलू देत, दात काय पळून जातायत.

असे काही महिने गेले. एक दिवस दवाखान्यात, आमच्या गप्पांना कंटाळून, सईने जांभई दिली. मोठी, ऐसपैस, अख्खी जांभई. मी टाळ्या पिटायला उठलो, तर नंदूने माझं मनगट धरलं. "थांब रे... पुरी होऊ दे तिची." देवळात उभा असावा तसा तो बघत होता. आयुष्यभर मी रंगमंचावर विराम घेत आलो. विराम म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

परवा आम्ही दवाखाना आवरायला गेलो. फळ्यांवर पोरांच्या दातांचे प्लास्टरचे साचे, प्रत्येकावर नंदूच्या अक्षरात नाव. त्याची बायको वासंती तो गेल्यापासून रडली नव्हती. एकेक साचा पुसत होती, गालाचा स्नायू टणक फुगलेला. कॉलेजात गेलेली सई तिच्याकडे बघत राहिली. मग जवळ जाऊन हळूच म्हणाली, "काकू, किती आवळून धरलेत दात."

वासंतीने हातातला साचा खाली ठेवला. तोंड उघडलं, आणि महिनाभराचा हुंदका बाहेर पडला. मी पाणी आणायला उठलो... आणि पुन्हा बसलो.