कपाटातला चेंडू

महिपत मास्तरांना राग आला की त्यांचे कान लाल होत, आणि नौपाड्याच्या त्या शाळेत त्यांचे कान बहुधा लालच असत. साताऱ्याकडच्या तालमीत घडलेला हा माणूस १९५२ साली ड्रिल मास्तर म्हणून ठाण्याला आला. पोरांना पळायला, उड्या मारायला, झेल घ्यायला शिकवू, अशी उमेद होती. हेडमास्तरांनी त्यांना एक काचेचं कपाट दाखवलं. आत चामड्याचा मोठा चेंडू, चार दोऱ्या, वीस लेझमी, सगळं कोरं करकरीत.

"हे तपासणीला दाखवायचं सामान," हेडमास्तर म्हणाले. "मुलांच्या हाती दिलंत तर महिन्याभरात वाट लागेल."

मग मुलांनी करायचं काय? रांगेत उभं राहायचं. डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, हात वर, हात खाली. आठ-नऊ वर्षांची पोरं, अंगात नुसती रग भरलेली, आणि त्यांना म्हणायचं हलू नका! याला शिक्षण म्हणणाऱ्याला एकदा तासभर तसंच उन्हात उभं करायला हवं होतं.

पण मास्तरही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. नोकरी कच्ची होती. गावी म्हातारी आई होती, लग्नाच्या दोन बहिणी होत्या. कायम व्हायचं तर दिपोटींचा, म्हणजे तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांचा, शेरा चांगला पडायला हवा होता. म्हणून दर शनिवारी ते कपाट उघडून चेंडूला एरंडेल चोळत. चोळताना दातओठ खात, पण चोळत. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी दिपोटी आले. कपाटापुढे उभे राहून म्हणाले, "वा, आजच दुकानातून आणल्यासारखं ठेवलंय." हेडमास्तर फुलले. तेवढ्यात साहेब सहज म्हणाले, "जरा खेळून दाखवू दे की मुलांना."

मास्तरांनी चौथीचा वर्ग मैदानात घेतला. आधी सगुणेला पुढे बोलावलं. तिचा बाप कोपरीच्या मिठागरात कामाला होता. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ही पोर वीतभर रुंदीच्या बांधावरून भराभर चालत जाई. हिच्या अंगात तोल आहे, ही झेलेल, अशी मास्तरांची खात्री होती. त्यांनी चेंडू अगदी हळू टाकला.

सगुणेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती खाली बसली. चेंडू खांद्याला लागून घरंगळत गेला.

मग शालू. तिनं डोळे मिटून मान खाली घातली. मग गणू. त्यानं डोक्यावर दोन्ही हात घेतले.

"मास्तर, चौथीतल्या मुलांना साधा झेल येत नाही?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "शिकवलंत काय दोन वर्षं?"

"आम्हीही त्यांना सारखं तेच सांगतो," हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले.

मास्तरांचे कान पेटले. "अरे गणू, डोकं काय झाकतोस?"

गणू जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं डस्टर."

कोणी हसलं नाही. त्या शाळेत शिक्षकाच्या हातून सुटून मुलांकडे येणारी वस्तू मारायलाच आलेली असे. रांग हलली म्हणून महिपत मास्तरांनीही दोनदा वहाण भिरकावली होती. ते आत्ता आठवलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"साहेब," ते म्हणाले, "दोन वर्षं मी पोरांना नुसतं उभं केलं आणि चेंडूला तेल लावलं. तसंच लिहा शेऱ्यात."

साहेबांनी खरोखरच तसं लिहिलं आणि ते चहाला गेले. हेडमास्तर मागे थांबले. "उद्यापासून येऊ नका," त्यांनी सांगितलं आणि चेंडूसाठी हात पुढे केला.

मास्तरांनी चेंडू दिला नाही. ते सगुणेच्या समोर गुडघ्यावर बसले, चेंडू तिच्या हातांत ठेवला, परत घेतला. "डोळे उघडे ठेव, पोरी. हा मारायला येत नाही." एक हात अंतरावरून त्यांनी तो टाकला. तिनं तोंड झाकलं. पुन्हा टाकला. चौथ्या वेळी तिनं तो छातीशी घट्ट धरला आणि सोडायलाच तयार होईना.

घंटा व्हायला वीस मिनिटं उरली होती, आणि रांगेत अजून एकेचाळीस पोरं होती.