आधी गूळ, मग पाणी

लढाईच्या काळात आमची सप्लाय कंपनी मिसर देशात, कैरोबाहेर तंबू ठोकून होती. जून महिना. शुक्रवारी संध्याकाळी रोलकॉलला सुभेदारसाहेबांनी हुकूम सांगितला : रविवारी एक लॉरी पिरॅमिड बघायला जाईल. पार्टीचा इन्चार्ज मी, हवालदार.

"बाटल्या भरून घ्या. ऊन कडक आहे."

शेजारी तुळशीराम उभा होता. माझ्याच गावचा, असोद्याचा. माझ्या शब्दावर भरती झालेला. हळूच म्हणाला, "नाना, यायनं आपला वैशाख पाह्यला नाही वाटते."

मी हसलो. मलाही तीच घमेंड होती.

पिरॅमिड म्हणजे दगडांचा ढीग. मेलेल्या राजाला ऊन लागू नये म्हणून जित्या माणसांनी उन्हात रचलेला. बघायला येणारे त्याहून शहाणे. मेलेल्याच्या घरावर आपापली नावं कोरून ठेवलेली. गोऱ्या शिपायांची एक टोळी वर चढत होती. ती अर्ध्यात बसली आणि डोक्यावर पाणी ओतू लागली. मला किळस आली.

"तुळशीराम, टोकाला हात लावून ये. यांना कळू दे, ऊन कशाला म्हणतात."

"हुकूम का गंमत, नाना?"

"हुकूम."

"मंग बाटली धरा. जड होते."

भर दुपारी चढला. वरून टोपी हलवली. आमची पोरं ओरडली, गोरे माना वर करून बघत राहिले. मला फार बरं वाटलं, हे आज लपवत नाही.

खाली आला तेव्हा तोंड लाल, अंग कोरडं. घामाचा थेंब नव्हता. "पानी द्या, नाना."

आमच्याकडे उन्हातून आलेल्याला लगेच पाणी देत नाहीत. आधी बसवतात, गुळाचा खडा देतात, मग पाणी. नाहीतर बाधतं म्हणतात.

"बस. आधी गूळ."

खिशातला खडा त्याच्या तोंडात घातला. त्याला गिळवेना. त्याची बाटली माझ्याच हातात होती. एक गोरा लान्स कॉर्पोरल पाणी घेऊन धावत आला.

"वॉटर. ऑन हिज हेड. क्विक."

मी त्याचा हात धरला. "नो, साहेब. वुई नो सन." ऊन आम्ही ओळखतो, असं मला म्हणायचं होतं. त्याने शिवी दिली. मी हात सोडला नाही. ज्याला ऊन सोसत नाही, तो मला काय शिकवणार?

तुळशीराम बरळू लागला. "नाना, केळीले पानी सोडा. केळी सुकून राह्यली."

तेव्हा मी गोऱ्याचा हात सोडला आणि बाटली तुळशीरामच्या तोंडाला लावली. हॉस्पिटलच्या वाटेवर, लॉरीतच तो गेला.

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "पाणी दिलं होतं?"

"दिलं, साहेब."

कधी दिलं, ते त्यांनी विचारलं नाही.

लढाई संपल्यावर असोद्याला त्याच्या आईकडे, अक्काकडे गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच निघालो होतो. वैशाखातली दुपार. ओसरीवर टेकलो आणि पाणी मागितलं. अक्काने तांब्या आणला, पण माझ्यापासून लांब ठेवला.

"आधी गूय खा, भाऊ. मंग पानी."

मी खडा तोंडात धरून तांब्याकडे बघत बसलो. अक्का आता नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या दुपारी तिने एवढंच विचारलं, "माह्या तुळशीरामले अखेरीले पानी कोनं पाजलं?"

"मी, अक्का."

तिने तांब्या उचलून माझ्या हातात दिला.