कुणाला विचारावं न लागणारं कॅलेंडर

बेसाच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहत होते आणि काम घरूनच. तोंड उघडायचं ते दुपारी, कामठीच्या सहकाऱ्याचा फोन आला की. टीममध्ये मराठी बोलणारा तेवढाच.

"तुझं कॅलेंडर पुन्हा गायब झालं वं!"

ते कॅलेंडर दवाखान्याच्या वेबसाइटवर अपॉइंटमेंट घेण्याचं. मी ते जुन्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट उभारायच्या तयार सांगाड्यात, बांधलेलं; सहकाऱ्यानं केलेली वेबसाइटची पानं नव्या फ्रेमवर्कमध्ये. दोघी सवतीच! पानावर जरा काही बदललं की नवं फ्रेमवर्क माझं कॅलेंडर पुसून मोकळं. मग आम्ही तासभर फोनवर डोकं फोडायचो. मागे त्याच्या शेजारचे यंत्रमाग खडखडत असायचे. मधूनच तो म्हणायचा, "अजून एकटीच राहून राहिली? भूत होशील, बाप्पा!"

"तुले काय करायचं गा?" मी फणकारायची. खरं तर जेवण झालं की मी फोन समोर ठेवूनच बसायची.

पण अर्धवट काम मला बघवत नाही, अंगात किडाच आहे तो. मी कॅलेंडर कस्टम एलिमेंट म्हणून नव्यानं लिहिलं. म्हणजे ब्राउझरलाच आपला एक नवा टॅग शिकवायचा. फ्रेमवर्क कोणतंही असो, ते हा टॅग पानावर ठेवतं आणि आत नाक खुपसत नाही. बाहेरून महिना द्यायचा, निवडलेली तारीख टॅग कळवतो. बस्स. वर माझा शहाणपणा असा, की कुणाला काही विचारावं लागू नये म्हणून प्रत्येक गोष्टीचं उदाहरणही लिहून ठेवलं.

"एक नंबर!" तो फोनवर ओरडला. "लावलं अन् लगेच चालून राहिलं. आता तुले काही त्रास नाही."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्यानंतरही नाही. आधी मी कॉलर ताठ करून बसले. मग राग यायला लागला, त्याचा, कॅलेंडरचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढं चोख करायची काय गरज होती? एक बारीकशी खोट ठेवली असती तर काय बिघडलं असतं? मला फार एकटं वाटत होतं, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

शेवटी मीच फोन लावला.

"काय झालं वं? बंद पडलं का?" त्यानं घाबरून विचारलं.

"नाही. सहज केला. कसा आहेस गा?"

"मस्त."

एवढं बोलून तो थांबला, मी कामाचं काय ते सांगेन म्हणून.