ओ दिली नाही

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण कोणाशी कधी बोलायचं नाही, हे मला शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे बापलेकाचं वाजलं की अबोला. जोगेश्वरीच्या एका खोलीत तो पाळायचा तर मध्ये बायको लागते. "त्याला सांग, जेवून घे म्हणावं." "त्यांना सांग, भूक नाही." आणि आम्ही दोघं बसलेले हातभर अंतरावर.

मी वॉचमन होतो. मुलाने माझ्या सुपरवायझरला परस्पर फोन केला, बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना ड्युटी देऊ नका. मला ते गेटवर कळलं, ड्रायव्हर लोकांसमोर. तेव्हापासून बोलणं बंद. त्यात ही भाचीच्या लग्नाला गावी गेली. मग खोलीत फक्त टीव्ही बोलायचा.

ती परत यायची त्या सकाळी मेव्हण्याचा फोन मला आला. ही एसटीत बसली, दुपारी हायवेला उतरेल. तिला नीट दिसत नाही, सोबत तांदळाची गोणी. रस्ता ओलांडायला मीच हवा. मुलाला हे मी सांगितलं नाही. कोणाकडून सांगणार?

गोणीसाठी छोटी ढकलगाडी काढायला माळ्यावर चढलो. खाली मुलगा कामाला निघालेला. ओरडला, "आत कोण आहे का?"

कोण म्हणजे? बापाला बाबा म्हणून हाक मार. मी ओ दिली नाही. बाहेरून कडी वाजली, कुलूप लागलं. मी शिडी उतरेपर्यंत तो गेला. दुसरी चावी हिच्या पिशवीत.

मोबाईल खिशात होता. त्याचा नंबर एका बटणावर. दाबला नाही. खिडकीचे गज धरून उभा राहिलो. ऊन गल्लीत उतरलं, एसटी येऊन गेली असणार. ती हायवेच्या कठड्याला टेकून माझी वाट बघत असणार.

समोरच्या वहिनी कपडे वाळत घालायला आल्या. "काका, आतच हाव? मग कुलूप कोणी घातलान?"

"त्याला फोन लावा. सांगा, आई हायवेला उतरलीय."

वहिनींनी लावला. ऐकून हसल्या. "तो म्हणता, बाबांची दातखीळ बसलेली काय?"

"म्हणावं, आधी आईला आण."

तो काम टाकून हायवेला गेला. मी आत तसाच, गज धरून.

कुलूप निघालं तेव्हा हिचा चेहरा उन्हाने काळवंडलेला, पदर घामाने चिकटलेला. बराच वेळ उभी होती, ते विचारावं लागलं नाही. मुलाने गोणी टेकवली आणि तिला म्हणाला, "त्यांना सांग, घरात असलं की ओ द्यायची."

मी म्हणालो, "त्याला सांग, हाक नीट मारायची."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी कोणाला काय सांगणार नाय," म्हणाली, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसली.

दार उघडं होतं. तो उंबऱ्यात उभा, मी खिडकीपाशी. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत दोघांतलं कोणी हललं नाही.