बारापैकी अकरा मासे

आता चहाले बसलेच आहात, तर माही फजिती माह्याच तोंडून ऐका. दुसरं कोणी सांगन तर तिखटमीठ लावन.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. राळेगावकडच्या एका गावात वरच्या कारखान्यापायी नदीचं पाणी रंगीत येऊन राह्यलं होतं. गावानं तक्रार केली, अन् सरकारी ऑफिसानं नदीची तब्येत तपासाले मले धाडलं.

पद्धत सोपी आहे हो. डोह किती खोल, दगड किती, पाण्याले ओढ किती, हे पाहून आधीच ठरवायचं की इथं कोणते मासे असायलेच पाहिजे. मंग जाळं टाकायचं. जितके कमी सापडले, तितकी नदी आजारी. मी बारा जातींची यादी केली. मरळ, वाम, शिंगाडा, सारे फोटोसकट!

पहिल्या दिवशी कांताबाईच्या जाळ्यात दोनच जाती आल्या. कांताबाई तिथली भोईण, तक्रारीवर पहिली सही तिचीच. मी उन्हानं लाल झालती. तिनं पाणी दिलं अन् विचारलं, हे काय चालू आहे.

"नदीची परीक्षा आहे, कांताबाई. हे बारा सापडले तर पास."

एवढंच बोलली मी! नापास होण्यातच गावाचं भलं आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. वरून यादी तिच्याच हातात दिली, उद्या जाळं काढून ठेव म्हटलं, अन् एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी टोपल्यात अकरा जाती! मासे हाताले बरफासारखे गार. मे महिन्यात! मले वाटलं, डोह खोल आहे, थंड असन. जाळं कोरडं ठाक होतं. मले वाटलं, ऊन किती कडक आहे पाहा!

अहवाल गेला, नदीची प्रकृती उत्तम. तक्रार निकाली.

पंधरा दिवसांनी कांताबाईचा फोन. "मॅडम, नदी तर पास झाली म्हणे. मंग ते घाण पाणी काहून बंद नाही झालं?"

मले ते गार मासे आठवले. "ते मासे कुठून आणले होते?"

"यवतमाळच्या बाजारातून. पहाटच्या एसटीनं गेलती. आपली नदी नापास होऊ देऊ का मी? वाम तेवढी नाही भेटली, राग नका मानू."

कशाचा राग मानू? वीस वर्षं पोरांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढते मी. अन् इथं पेपर फोडला कोणी? मीच!

फेरतपासणीले अर्ज केला. ऑफिसातले साहेब म्हणाले, मासे बाजारचे होते याचा पुरावा आणा. कारखान्यावाल्याजवळ पुरावा आहे, माह्या सहीचा. पाणी अजूनही तसंच येते.

माह्याजवळही होता ना पुरावा. कांताबाईनं ती टोपली मलेच बांधून दिलती. घरी झणझणीत रस्सा केला. नवरा दर रविवारी त्याच बाजारातून मासे आणते. त्याले वाढता वाढता सुनावलं मी, "खाऊन पाहा. याले म्हणतात नदीचा मासा!"