अटकेची पिशवी

पोलिसांनी धरलं तर माणसाचे हक्क कोणते, हे साऱ्या नागपुरात माझ्या साडूंइतकं कोणाला ठाऊक नसेल. आणि पोलीस ज्याला जन्मात कधी धरणार नाहीत असा एकच माणूस साऱ्या नागपुरात शोधायचा झाला, तर तेही माझे साडूच निघतील. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, मुंगीला वळसा घालून जाणारा हा माणूस. पण कोणी नुसतं म्हणालं, "अमक्याले पोलीस घेऊन गेले," की कोणाला, कशासाठी, हे त्यांना नको असतं. त्यांचा पहिला प्रश्न, "कारण सांगितलं का?" हेल्मेटसाठी शिपायाने अडवलं तर ते आधी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचतात आणि वाकडी असली तर बोटाने सरळ करून देतात. हळदीला बसलेल्या नवरदेवाच्या कानात लोक संसाराच्या गोष्टी सांगतात, साडू सांगतात, "चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागते, हे ध्यानात ठेव." सूर्य मावळल्यावर बाईमाणसाला सहसा अटक करता येत नाही, हे त्यांनी माझ्या मेहुणीला इतक्या वेळा ऐकवलं, की ती एकदा म्हणाली, "मले कोण नेते जी? तुम्ही तर बाजारातूनही न्याले येत नाही."

मनीषनगरच्या त्यांच्या घरी दाराआड खुंटीवर एक खाकी पिशवी टांगलेली असते. तिला सारे नातेवाईक अटकेची पिशवी म्हणतात. त्यात रबरी चपला, जादा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी, डबाभर चिवडा आणि इलास्टिकचा पायजमा. कोठडीत नाडी काढून घेतात, म्हणून इलास्टिक. चिवडा दर दिवाळीला बदलतात. पायजम्याचं कापड मात्र त्यांनी माझ्या दुकानातून कधी घेतलं नाही. सायकलवर तुकडे विकत विकत मी गांधीबागेत ठोक दुकान उभं केलं. पण माझ्या दुकानात भाव ठरतो तो बोलून, आणि साडूंना ते पटत नाही. ते एकच भावाच्या दुकानात जातात. याचा राग मी धरून होतोच. त्यात माझ्या पोरीचा साखरपुडा आला.

माझ्या शेजारच्या रेडिमेडवाल्याला त्याचे साड्या नेसवलेले पुतळे माझ्या पायरीवर उभे करायची खोड. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मी दुकानात नुसता पूजेपुरता गेलो, तर एक बाई ऐन माझ्या दारात हात पसरून उभी. मी तिला उचलून रस्त्यावर ठेवली. जरा जोराने ठेवली गेली. तिचा हात निखळला. शेजाऱ्याने माझी कॉलर धरली, मी त्याची पँट धरली, ती फाटली, आणि गस्तीवरच्या शिपायाने दोघांनाही ठाण्यात नेऊन एकाच बाकावर बसवलं. फोन काढून घेतले.

संध्याकाळी हॉलवर मुलाकडची मंडळी येणार, आणि मुलीचा बाप बाकावर. मी बोलणी सुरू केली. ठाण्याच्या साहेबांना म्हणालो, "साहेब, आपसात मिटवतो. हा माफी मागते, मी मोठ्या मनानं माफ करतो." शेजारी म्हणाला, "मी काहून मागू? हात माझ्या बाईचा तुटला." साहेब म्हणाले, "दोघं संगच मागा." मी अर्ध्यावर आलो होतो. तो पाऊण आला होता. सौदा तुटायच्या बेताला नाही, जमायच्या बेताला होता, आणि तेवढ्यात दारात खाकी पिशवी दिसली. कोणा गुमास्त्याने घरी कळवलं होतं.

"नमस्कार साहेब," साडू म्हणाले. "यांना अटक केली की नुसतं बोलावलं?"

"अटक कायची जी? बसवून ठेवलं."

"उठून जाता येते का?"

"असं कसं जाता येईन?"

"मग ती अटकच झाली." आणि वर्गात महाराष्ट्राच्या सीमा सांगाव्या तशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. अटक असेल तर कारण लेखी द्या. घरच्यांना कळवा. वकिलाला भेटू द्या. डॉक्टरकडून तपासणी करा. अटक नसेल तर नोटीस द्या. बोलावलं की हे येतील, आता घरी जातील.

मी त्यांची बाही ओढली. "साडूभाऊ, जमत आलं हाय. तुम्ही थोडं चुप बसा."

"शेठ," ते हळूच म्हणाले, "हक्काचं दुकान एकच भावाचं असते."

साहेबांनी कपाळावर हात मारला. पण थोड्या वेळाने नोटीस लिहायला घेतली. मी सही केली आणि निघालो. दारात वळून पाहतो तर साडू माझ्या रिकाम्या जागेवर, त्या पुतळेवाल्याशेजारी बसलेले.

"तुमच्या घरी कळवलं का?" ते त्याला विचारत होते.

"कोणाले कळवू जी? बायको पारशिवनीले माहेरी गेली. अन् बीपीची गोळीही राहून गेली."

साडूंनी आपल्या पिशवीतली डॉक्टरची चिठ्ठी त्याला दाखवली, गोळीचं नाव जुळवलं, एक गोळी त्याच्या हातावर ठेवली, मग चष्मा पुसला आणि साहेबांकडे वळले. "नमस्कार साहेब. यांना अटक केली की..."

"साडूभाऊ," मी म्हणालो, "हा माझा दुश्मन हाय. अन् साखरपुडा आपल्या पोरीचा हाय."

"तुम्ही व्हा पुढं. याच्यासाठी येणारं कोणी नाही."

हॉलवर मी फाटक्या कॉलरवर नवा शर्ट चढवून उभा राहिलो. भटजींचे मंत्र झाले, सनईची टेप झाली, मुलाकडच्या बायका कुजबुजू लागल्या. बाप ठाण्यातून आला हे तोवर सगळीकडे झालं होतं. माझी बायको म्हणाली, अंगठी घालून घेऊ. पोरगी पाटावरून म्हणाली, "मावसाजी आल्याबिगर नाही." मुलाच्या वडिलांनी विचारलं, मावसाजी कुठे आहेत. मी काही सांगायच्या आत तिनेच सांगितलं, "ठाण्यात हायेत. बाबाच्या दुश्मनाले सोडवून राहिले."

जमलेला सौदा दारातून परत जाताना मी आयुष्यभर पाहिला आहे. जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो चेहरा मला ओळखू येतो. मुलाचे वडील पोरीकडे वळले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मग थांबू की. अशा घरात पोरगं द्यायला काही हरकत नाही."

दिवे लागले तेव्हा साडू आले. त्यांच्या मागे रेडिमेडवाला, लाजत. पँट फाटली म्हणून त्याच्या अंगात अटकेचा पायजमा. आजही आमच्या अल्बममध्ये, अंगठी घालतानाच्या ऐन फोटोत, व्याह्यांच्या खांद्याशी तो इलास्टिकचा माणूस उभा आहे. तो फोटो काढून टाकावा म्हणून मी घरात भांडलो, हरलो. हा राग माझा अजून गेलेला नाही. पुतळे मात्र त्या दिवसापासून त्याच्या पायरीवर उभे असतात.

पायजमा त्याने धुऊन, इस्त्री करून परत दिला. तो पुन्हा पिशवीत गेला. साडूंचे गुडघे आता चालत नाहीत. कोणाला पोलिसांनी नेलं तर ते फोनवरूनच, महाराष्ट्राच्या सीमांच्या त्याच आवाजात, हक्क सांगतात. मी एकदा विचारलं, "ही पिशवी तुमच्या सोताच्या कामी कधी येईन?" ते म्हणाले, "मले कोणी नेतच नाही जी," आणि पिशवीची धूळ झटकायला लागले.

यंदा दिवाळीआधी ते रिक्षाने गांधीबागेत आले आणि पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढले. पायजम्याचं इलास्टिक सैल पडलं होतं, नवा शिवायचा होता, म्हणून जुना मापाला संग आणला होता. मी कापडाचं थान उलगडलं आणि भाव सांगितला. एकच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पाकीट काढलं.

मी कात्री घेतली तेव्हा म्हणाले, "थोडं कमीच कापा. आता एवढं लागत नाही मले."

मी ऐकलं नाही. जुन्या पायजम्याच्या मापानेच कापलं.